मनगटावरचं नाव

मानांकनाची मंडळी येणार हे ठरलं आणि आमच्या हॉस्पिटलचं लग्नघर झालं; नवरा-नवरीचा तेवढा पत्ता नव्हता. भिंतींना रंग, पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे, प्रत्येक नळावर हात धुण्याची चित्रं. रंगाऱ्यांनी उत्साहाच्या भरात ऑक्सिजनच्या नळीलाही एक हात मारून घेतला. जिल्हा कचेरीतून चाफ्याच्या कुंड्या उसन्या आणल्या आणि कुणा शहाण्यानं त्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी मांडल्या. चाफा आमच्या जावा बेटावर कबरस्तानात लावतात. आत ज्याचं माणूस नळ्या लावून पडलंय त्याला दारात चाफा बघून काय वाटेल, एवढा साधा विचार करायला कुणाला फुरसत नव्हती. मी बोलले. "बू प्रिहातिन, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे," असं ऐकून घेतलं. बू म्हणजे बाई; आमच्याकडे कुठल्याही बाईला मानानं असंच म्हणतात.

मी मुलांच्या वॉर्डची मुख्य नर्स. याच हॉस्पिटलात माझे केस पांढरे झाले. मानांकन वाईट असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. ते नियम शांतपणे वाचले तर कळतं, की यातला एकेक नियम कुणाचा तरी जीव गेल्यावर लिहिलेला आहे. औषध देण्याआधी नाव विचारा, हा त्यातलाच. तेही कसं, तर "हा अमुक ना?" असं नाही, "नाव काय?" असं विचारायचं. आम्हा जावाच्या माणसांसाठी तर हा नियम सोन्याचा आहे, कारण समोरच्याला नाही म्हणणं आमच्या जिवावर येतं. पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं शेजारणीच्या पोराकडे बोट दाखवून विचारलं, "हा तुमचा मुलगा ना?" तरी आमची खेड्यातली बाई मान खाली घालून "इंगिह" म्हणेल. हो म्हणून मोकळी होईल. एवढा शिकलेला माणूस चुकतोय हे त्याच्या तोंडावर सांगायचं कसं, ही तिची अडचण.

तर नियमांचा मला राग नव्हता. राग होता तो नाटकाचा.

आमचे संचालक डॉक्टर विबोवो. माणूस वाईट नाही, पण त्यांना आरोळीचं वेड लागलं होतं. रोज दुपारी सगळ्यांना सभागृहात उभं करून ते आरोळी घोकून घ्यायचे. दोन टाळ्या, एक मूठ, मग गिरकी, आणि शेवटी अंगठे वर करून "रुग्ण सुरक्षित, आम्ही हसतमुख". माझ्या वयाच्या बायका गिरक्या घेतायत, कुणाच्या गुडघ्यातून आवाज येतोय, आणि तिकडे वॉर्डात सलाइन संपून नळीत रक्त चढतंय. मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, डेंग्यूचा हंगाम आहे, माझ्याकडे खाटा भरल्यात." ते म्हणाले, "म्हणूनच, बू. गुणवत्ता हवी." नापास झालो तर सरकारी विम्याचे रुग्ण बंद होणार होते आणि विम्याचे रुग्ण सोडले तर आमच्याकडे येतं कोण, हे मलाही ठाऊक होतं. त्यामुळे गिरकी घेत राहिले. शेवटच्या आठवड्यात तर अशी गत झाली, की माझ्याच वॉर्डात कोणतं पोर कुणाचं हे मला धड माहीत नव्हतं. चार्ट वाचायचे, सह्या करायच्या आणि सभागृहाकडे पळायचं.

वॉर्ड तेव्हा गिलांगच्या ताब्यात होता. गिलांग माझ्याच हाताखाली तयार झालेला नर्स. हुशार पोरगा, पण गुणवत्ता कक्षात बदली झाली, गळ्यात रंगीत पट्ट्यावरचं ओळखपत्र आलं आणि त्याच्या चालण्यातच फरक पडला. तपासणीच्या आदल्या दिवशी मला व्हरांड्यात गाठून म्हणाला, "बू, तुमच्या मोठ्या खोलीतल्या दोन खाटा काढल्या. अंतर नियमात बसत नव्हतं."

"आणि खाटांवरची पोरं? ती बसतात का नियमात?"

"एकाला तसंही घरी सोडायचंच होतं. बाकी थोडी सरकवासरकवी केली. खिडकीजवळच्या खाटेवरच्या मुलाला पलीकडच्या लहान खोलीत हलवलं. त्याची आई फार बोलते, बू. मासळी बाजारात बसते ना, आवाज तुम्हाला माहीतच आहे. तपासनिसांना पाणी का येत नाही, डॉक्टर उशिरा का येतात, सगळं सांगत बसली असती. तिच्या जागी डोंगराकडची एक गरीब बाई आणलीय. काहीही विचारा, नुसती हसते."

"म्हणजे बोलणारी आत आणि हसणारी पुढं."

"तसं नाही, बू."

"तसंच आहे, मास गिलांग." तरुण पुरुषाला आम्ही मास म्हणतो, रागावलो तरी. पण तेवढ्यात सभागृहातून टाळ्या ऐकू आल्या आणि मी निघाले. चिडले होते, पण निघाले.

संध्याकाळी घरी जाताना मोठ्या खोलीत डोकावले, तर गिलांग पोरांच्या मनगटांवर नव्या पट्ट्या बांधत होता. आधीच्या पट्ट्यांवर आम्ही पेनानं नावं लिहायचो. आता या छापील, निळ्या, हॉस्पिटलचं चिन्ह असलेल्या. बांधता बांधता प्रत्येक आईकडून तो उत्तर पाठ करून घेत होता. खिडकीजवळची बाई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. काहीतरी सांगायचा तिचा प्रयत्न चालला होता.

"पण मास, आमचा तर…"

"पण-बिण काही नाही, बू. पट्टीवर आहे तेच नाव आणि तीच तारीख. हे बघा, मी वाचतो, तुम्ही मागून म्हणा. तुम्ही चुकलात तर सगळं हॉस्पिटल नापास होईल."

बाई मागून म्हणाली. न चुकता म्हणाली. मी बाहेर आल्यावर गिलांगला म्हटलं, "अरे, पोर तिचं आहे. त्याचं नाव तू तिच्याकडून काय पाठ करून घेतोस?" तो हसला. "बू, तुम्हाला माहितीये, खेड्यातल्या बायका घाबरल्या की काहीही सांगतात. घरी तर पोराला नावानं कुणी हाकच मारत नाही. ले, ले करतात." यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे घराघरातला मुलगा 'ले'च असतो. मी मान हलवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तपासनीस डॉक्टर तियुर आल्या. मेदानकडच्या, म्हणजे दुसऱ्या बेटावरच्या. तिकडच्या माणसांचा आवाज असतो तसा खणखणीत आवाज, लांब ढांगा, आणि गोड बोलण्याची हौस अजिबात नाही. आमची आरोळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकली, चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही आणि म्हणाल्या, "झालं? आता रुग्ण बघू." मला त्या बाई तिथल्या तिथं आवडल्या. जावी भाषा मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हती. कुणी जावीत बोललं की डॉक्टर विबोवो हसतमुखानं इंडोनेशियनमध्ये सांगायचे, आणि सांगता सांगता ते बोलणं धुऊन, इस्त्री करून द्यायचे. औषधाच्या खिडकीशी एक म्हातारी म्हणाली, "सकाळपासून उभी आहे, पायाचे तुकडे पडले." डॉक्टर विबोवोंनी सांगितलं, "सकाळपासून सगळे आपुलकीनं वागतायत म्हणते."

मुलांच्या वॉर्डात आल्यावर डॉक्टर तियुरनी विचारलं, "आज इथं कुणाला रक्त द्यायचं आहे?" होतं. रिफान आदित्य, डेंग्यू, आतून रक्तस्राव, रक्ताची पिशवी नुकतीच आलेली. "मला ते सुरुवातीपासून बघायचंय," त्या म्हणाल्या. डॉक्टर विबोवोंचा चेहरा उजळला. "आमच्या सगळ्यात जुन्या नर्स, बू प्रिहातिन, करून दाखवतील."

मी चार्ट घेतला, पिशवी घेतली. दुसरा तपासणारा म्हणून गिलांग बरोबर. मोठ्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर तीनेक वर्षांचं पोर तापात झोपलेलं होतं, हाताला सलाइन, ओठ पांढरे. मनगटावर पट्टी: रिफान आदित्य. पिशवीवर रिफान आदित्य, चार्टवर रिफान आदित्य. गट जुळला, क्रमांक जुळला. गिलांगनं मोठ्यानं वाचलं, मी मोठ्यानं वाचलं. मग नियमाप्रमाणे मी आईकडे वळले.

"बू, बाळाचं पूर्ण नाव काय?"

"रिफान आदित्य."

"जन्मतारीख?"

तिनं तारीख, महिना, वर्ष सांगितलं. एकदाही न अडखळता. डॉक्टर तियुरनी पहिल्यांदाच मान डोलावली. "इतकं स्पष्ट उत्तर मला मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलांतही मिळत नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टर विबोवोंनी छाती भरून श्वास घेतला. आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. इतके महिने डोकं खाल्लं खरं, पण एक गोष्ट तरी नीट झाली, असं वाटून गेलं. मी नळी हातात घेतली.

तेवढ्यात खाटेपलीकडून एक म्हातारा उठला. पोराचा आजोबा असावा. डोक्यावर काळी टोपी, अंगात इस्त्रीचा बाटिक सदरा. त्याच्या हातात वाटी होती आणि वाटीत तांदळाची पेज. अर्धी पांढरी, अर्धी गुळाची लाल. वॉर्डात बाहेरचं खाणं आणायचं नाही म्हणून गेला आठवडाभर आम्ही घसा फोडला होता. माझं कपाळ आठ्यांनी भरलं.

"म्बाह, हे आत्ता नको," मी जावीत म्हटलं. "नंतर खाऊ सगळे."

"एक घास घ्या, बू," म्हातारा अगदी वाकून, मानाच्या भाषेत म्हणाला. "तुम्हा मंडळींनी घेतलाच पाहिजे. पोराचं नाव बदललंत, फार उपकार झाले. गातोत नाव जडच होतं. एवढ्याशा जिवाला कुठून पेलणार? मी लेकीला केव्हाचा सांगत होतो. रिफान हलकं नाव आहे. जन्माची तारीखही बदलून दिलीत. मी वार मोजून बघितला, आधीच्या वारापेक्षा चांगला येतो. हॉस्पिटलातली माणसं एवढं बघतात, मला ठाऊक नव्हतं."

माझ्या हातातली नळी हातातच राहिली.

आमच्यात पोर सारखं आजारी पडायला लागलं की नाव जड झालं म्हणतात. मग दुसरं नाव ठेवतात, लाल-पांढरी पेज करून शेजारीपाजारी वाटतात. माझ्या धाकट्या भावाची तीन नावं झाली. गातोत म्हणजे घटोत्कच, आमच्याकडच्या बाहुल्यांच्या खेळात आभाळात उडणारा. डोंगरातल्या त्या घरानं काडीएवढ्या पोराला ते नाव दिलं होतं, आणि काल गिलांगनं त्याच्या मनगटावर दुसऱ्याच पोराचं नाव बांधलं तेव्हा त्यांना वाटलं, हॉस्पिटलनं नाव बदलून दिलं. नव्या पट्ट्या खाटांच्या क्रमांकावरून छापल्या होत्या आणि त्यानंतर खाटांवरची पोरं हलली होती. खिडकीजवळची खाट म्हणजे रिफान. रिफान मात्र बडबड्या आईसकट पलीकडच्या खोलीत; हलवताना गिलांगनं आई बघितली होती, पोराचं नाव नाही. या पोराला रक्त द्यायचंच नव्हतं. आणि त्याचा गट कोणता, हे त्या क्षणी तिथं कुणालाही माहीत नव्हतं. चुकीच्या गटाचं रक्त एवढ्याशा अंगात गेलं तर काय होतं ते मी एकदा पाहिलेलं आहे.

मी गिलांगकडे बघितलं. तोही जावाचाच. त्याला शब्द न् शब्द कळला होता.

"काय म्हणतायत आजोबा?" डॉक्टर तियुरनी विचारलं.

डॉक्टर विबोवोंनाही कळलं होतं. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांना भिडले, पिशवीवर गेले आणि परत आले. मग ते हसले. "उपचारांबद्दल आभार मानतायत," ते म्हणाले. "आमच्याकडे बरं वाटायला लागलं की गोड पेज वाटतात." आणि माझ्याकडे वळून जावीत, त्याच हसऱ्या आवाजात: "रक्त अजून गार आहे, थोडं थांबावं लागेल म्हणा, बू. त्या पुढं गेल्या की बघू."

मी कबूल करते, ते शहाणपणाचं होतं. पिशवी परत न्यायची, पट्टी कापायची, पोरं अदलाबदल करायची, कुणाला काही कळलं नसतं. गातोतला काही झालं नसतं, रिफानला तासाभरानं रक्त मिळालं असतं. विम्याचे रुग्ण येत राहिले असते. "रक्त अजून" एवढं मी बोललेही. पण डॉक्टर तियुर खाली बघून लिहीत होत्या, आणि काय लिहीत होत्या ते मला उभ्या जागेवरून दिसत होतं. 'आईनं ओळख अचूक सांगितली. उत्तम.' म्हणजे या उत्तराला पूर्ण गुण मिळणार. म्हणजे गिलांगची ही पद्धत उद्या प्रत्येक वॉर्डात जाणार, आणि हसणाऱ्या प्रत्येक बाईला तिच्याच पोराचं नाव शिकवलं जाणार. मला संताप आला. डॉक्टरांचा आला, गिलांगचा आला, आणि त्या बाईचासुद्धा आला. अगं, तुझं पोर आहे. ओरडायचं नाही का?

"नाही," मी इंडोनेशियनमध्ये म्हटलं. "आजोबा आभार मानत नाहीयेत. हा मुलगा रिफान नाही."

"बू प्रिहातिन दमल्यात," डॉक्टर विबोवो म्हणाले. "गेले काही दिवस…"

"दमलेच आहे. गिरक्या घेऊन दमलेय. पण हा मुलगा रिफान नाही, डॉक्टर, आणि तुम्हाला ते आत्ता माझ्याइतकंच कळलंय." मग मी डॉक्टर तियुरना सगळं सांगितलं. खाटा का हलवल्या, पट्ट्या कुणी बांधल्या, उत्तरं कशी पाठ करून घेतली, म्हातारा खरोखर काय म्हणाला. काही गाळलं नाही. बोलताना माझा आवाज चढत गेला असावा, कारण पलीकडच्या खोलीतून त्याहून चढा आवाज आला.

"रिफानचं नाव कोण घेतंय? अहो, सकाळपासून विचारतेय, माझ्या पोराचं रक्त आलं का म्हणून. जो तो म्हणतो तपासणी चाललीय, थांबा. पोराच्या नाकातून रक्त येतंय आणि मी थांबू?"

डॉक्टर तियुरनी पेन खिशाला लावलं. "पिशवी खाली ठेवा," त्या मला म्हणाल्या. गिलांगला म्हणाल्या, "तुम्ही त्या खोलीत जा. ते मूल कोण आहे ते त्याच्या आईला विचारा, तिला सांगू नका." गिलांग पळत गेला. डॉक्टर विबोवो भिंतीशी जाऊन उभे राहिले. भिंतीचा रंग अजून ओला होता. त्यांच्या पाठीला लागला असणार, पण कुणी त्यांना सांगितलं नाही.

मी कात्री घेतली आणि पोराच्या मनगटावरची निळी पट्टी कापली. पोर झोपेत कुरकुरलं. आई घाबरून माझ्याकडे बघत होती. म्हातारा वाटी धरून तसाच उभा होता, आपल्या हातून कोणती आगळीक घडली ते त्याला उमगत नव्हतं. मी जावीत म्हटलं, "म्बाह, तुमची काही चूक नाही, बसा." तो बसला नाही.

"त्यांना विचारा," डॉक्टर तियुर मला म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं का नाही? नाव वेगळं आहे हे त्यांना दिसत होतं ना?"

मी विचारलं. बाईनं ओढणीचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं. मग खाली बघत म्हणाली, "मी म्हणत होते, बू. पण मास म्हणाले, मी चुकले तर हॉस्पिटल नापास होईल. मग या सगळ्या पोरांनी जायचं कुठं?" मी ते जसंच्या तसं सांगितलं. धुतलं नाही, इस्त्री केली नाही.

डॉक्टर तियुर खाटेच्या कडेशी खाली वाकल्या. इतका मोठा आवाज असलेली ती बाई एवढं हळू बोलू शकते, हे मला खरं वाटलं नाही. मला म्हणाल्या, "नवी पट्टी करायचीय. तुम्हीच विचारा, तुमच्या भाषेत. घाई करू नका."

मी कोरी पट्टी आणि पेन घेऊन त्या बाईसमोर स्टुलावर बसले. तिचा हात हातात घेतला.

"तुमच्या मुलाचं नाव काय, बू?"

तिनं पोराच्या मोकळ्या मनगटाकडे बघितलं. मग भिंतीशी उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे, मग डॉक्टर तियुरकडे. शेवटी ती माझ्याकडे झुकली आणि मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू तिनं विचारलं, "काय सांगू, बू?"